क्लोरिनचा ठसा ओळखताना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दाहात लिपिडवर, म्हणजे पेशीतल्या मेदरेणूंवर, उमटणारा क्लोरिनचा ठसा शोधायला उतरतोयस, तर सुरुवात पुवापासून कर. पू किंवा जुन्या सर्दीतला शेंबूड हिरवट दिसतो. तो रंग बराचसा मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचा असतो. क्येल आगनर यांनी १९४१ साली ते वेगळं केलं, तेव्हा रंगावरूनच त्याला 'व्हर्डोपेरॉक्सिडेज' म्हटलं होतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जंतूंवर तुटून पडतात तेव्हा हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइड यांच्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. धुण्याच्या ब्लीचमध्ये काम करतो तोच रेणू. रक्ताच्या ७.४ पीएचला त्यातला साधारण अर्धा भाग विद्युतभाररहित आम्लरूपात असतो आणि पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो.

तिथे लिपिडवर त्याचे दोन घाव होतात, आणि ते एकाच तराजूत घालू नकोस. असंतृप्त मेदाम्लाच्या दुहेरी बंधाशी तो जुळला की एका कार्बनवर क्लोरिन आणि शेजारच्यावर हायड्रॉक्सिल बसतो. हे क्लोरोहायड्रिन. रेणूचं वस्तुमान ५२ डाल्टनने वाढतं. ओलेइक आम्लापासून दोन भावंडं मिळतात, नवव्या कार्बनवर क्लोरिन असलेलं आणि दहाव्यावर असलेलं.

दुसरा घाव जास्त महत्त्वाचा. हृदयात, मेंदूत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्लाझ्मालोजेन नावाची फॉस्फोलिपिडं असतात. त्यांच्या पहिल्या साखळीला व्हिनाइल ईथर बंध (ऑक्सिजनला लागून असलेला दुहेरी बंध) असतो आणि साध्या दुहेरी बंधापेक्षा तो हायपोक्लोरसला कितीतरी लवकर बळी पडतो. बंध तुटला की १६ कार्बनच्या साखळीतून २-क्लोरोहेक्झाडेकॅनल हा अल्डिहाइड सुटतो आणि मागे लायसोफॉस्फोलिपिड, म्हणजे एक साखळी गमावलेलं फॉस्फोलिपिड, उरतं. पुढे पेशी त्या अल्डिहाइडचं आम्ल करते, अल्कोहोल करते, किंवा तो ग्लुटाथिओन या पेशीतल्या संरक्षक रेणूला चिकटतो. म्हणून फक्त अल्डिहाइड शोधलास तर निम्मी गोष्ट हातून सुटते. २-क्लोरोहेक्झाडेकॅनॉइक आम्लही मोज.

एक खूणगाठ बांधून ठेव: हायपोक्लोरस लिपिडकडे सर्वात आधी जात नाही. प्रथिनांतली सिस्टीन आणि मेथिओनिन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं त्याची पहिली गिऱ्हाइकं, मग अमाइन, म्हणजे नायट्रोजनवाले गट. सीरमयुक्त (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा, प्रथिनांनी भरलेला द्रव घातलेल्या) माध्यमातल्या पेशींवर तो ओतून 'लिपिडवर परिणाम नाही' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ सापडतात. प्रत्यक्षात तो सीरमनेच खाऊन टाकलेला असतो.

आता प्रयोगासाठी हायपोक्लोरस जिच्यातून घेतोस त्या बाटलीकडे. ४-५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या लेबलवर विसंबू नकोस, उष्णतेने आणि उजेडाने तो उतरत जातो. पीएच १२ च्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये (०.०१ मोलर) ५०० पट विरल कर आणि २९२ नॅनोमीटरला शोषण वाच. मोलर शोषण गुणांक ३५० (प्रति मोलर प्रति सेंटिमीटर). एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.४२ आलं तर विरल द्रावण १.२ मिलिमोलर, म्हणजे मूळ बाटली ६०० मिलिमोलर. हे रोज करायचं, त्याच दिवशी वापरायचं. उरलेलं ॲसिडच्या कचऱ्यात कधीच ओतू नकोस, क्लोरिन वायू सुटतो.

बफर फॉस्फेटचाच घे. ट्रिस या नेहमीच्या बफरमध्ये अमाइन आहे, ते आधी क्लोरामाइन होऊन बसतं. हेपेस हा दुसरा बफरही ऑक्सिडंट खातो. नळी व्हॉर्टेक्सवर (ढवळणाऱ्या यंत्रावर) फिरत असताना हायपोक्लोराइट थेंब थेंब घाल. एकदम ओतलंस तर थेंबाच्या जागी तीव्रता भलतीच वाढते, तिथली लिपिडं भाजून निघतात आणि बाकीची कोरी राहतात. ठरलेल्या वेळी भरपूर जास्तीचं मेथिओनिन घालून क्रिया थांबव. एका नळीत मेथिओनिन आधी आणि हायपोक्लोराइट नंतर घाल. तिथे उत्पादन दिसलं तर थांबवण्याची पायरीच कच्ची आहे.

नमुन्यातून लिपिड बाहेर काढताना, म्हणजे निष्कर्षणात, होणारी चूक मात्र सर्वात फसवी. प्लाझ्मालोजेनचा बंध आम्लानेही तुटतो. लायसोफॉस्फोलिपिड तेच मिळतं, फक्त अल्डिहाइडवर क्लोरिन नसतो. त्यामुळे लायसो वाढलं एवढ्यावरून क्लोरिनने हल्ला केला असं लिहू नकोस, क्लोरिनवाला जोडीदार दाखवता आला पाहिजे. निष्कर्षणात आम्ल घालायचा मोह टाळ. उलट क्लोरोहायड्रिन मोजत असशील तर अल्कलीही नको, कारण शेजारचा हायड्रॉक्सिल क्लोरिनला हुसकावून इपॉक्साइड करतो.

ठसा पटवायला निसर्गाने सोय ठेवली आहे. क्लोरिन ३५ आणि ३७ साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. मास स्पेक्ट्रोमीटर या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, ऋणभारित आयन पाहताना, २-क्लोरोहेक्झाडेकॅनॉइक आम्ल २८९ या वस्तुमानाला दिसतं आणि हायड्रोजन क्लोराइड गमावून २५३ होतं. मग २९१ वरूनही २५३ यायला हवं, जवळपास एक-तृतीयांश उंचीचं, आणि स्तंभातून त्याच वेळेला बाहेर पडणारं. ते नसेल तर शिखर कितीही सुंदर असो, ते तुझ्या रेणूचं नाही.

रुग्णाचं रक्त असेल तर सीरम घेऊ नकोस. गोठताना न्यूट्रोफिल आपलं एन्झाइम बाहेर टाकतात. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत घे, बर्फावर ठेव, लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा उणे ८० अंश सेल्सिअसला टाक. रुग्णाला हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलं असेल तर नोंदव, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेलं मायलोपेरॉक्सिडेज त्याने सुटून रक्तात येतं.

शुद्ध एन्झाइमने करून पाहणार असशील तर बाटलीवर सोडियम अझाइड लिहिलंय का ते वाच. ते मायलोपेरॉक्सिडेजला बंद पाडतं, तेव्हा आधी डायलिसिसने काढून टाक. हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं, काही मायक्रोमोलरच्या हप्त्यांत दे; एकरकमी दिलंस तर एन्झाइमच मरतं. आणि एक नळी क्लोराइडशिवाय चालव. तिच्यातही २८९ चं शिखर आलं, तर आधी विद्रावक आणि काचेची भांडी तपास.

तुझा,
एक जुना सहप्रवासी