शेवेच्या पाकिटासाठी प्लास्टिक निवडताना

इंदुरात शेव-चिवड्याचा व्यवसाय नव्याने सुरू करताना माझे पहिले सांगणे असे की, पाकिटावर पर्यावरणपूरकतेची खूण म्हणून हिरवे पान छापून घेण्याआधी त्याचा कोपरा कापून थर सुटतात का ते पाहा. आत धातूचा मुलामा दिलेले चकचकीत पॉलिएस्टर आणि पॉलिथिन घट्ट चिकटलेले असतील, तर ते वेगळे करणे भंगारवाल्याला परवडत नाही; आपल्या शहरात कचरा सहा प्रकारांत वेगळा होत असला, तरी असे पाकीट बहुधा सिमेंटच्या भट्टीत जाळले जाते.

कागदी पाकिटाच्या मोहात मीही पडलो होतो. तिसऱ्या आठवड्यात तेलाचे डाग उमटले, शेव खवट झाली आणि सगळा माल टाकावा लागला, हेही पर्यावरणाचे नुकसानच होते.

म्हणून सर्व थर पॉलिथिनचेच किंवा पॉलिप्रॉपिलिनचेच असलेले पाकीट मागवा. मात्र ते धातूच्या थराइतका ऑक्सिजन सहसा अडवत नसल्यामुळे, पाकिटावर जितकी मुदत छापणार तितके दिवस माल भरून ठेवून चाखून पाहा. 2022 च्या उत्पादक-जबाबदारीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्यावर टाकणाऱ्या, नियमांत प्लास्टिकेतर थर असलेल्या पाकिटांचा वर्ग वेगळा आहे, त्यामुळे पुरवठादाराकडून थरांची रचना लेखीच घ्या.