घटना खरंच कॉपी-पेस्ट आहे का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक काका रोज टाकतात की आपली राज्यघटना म्हणजे १९३५ च्या ब्रिटिश कायद्याची कॉपी आहे, हे खरंय का हो?

उत्तर : अर्धं खरंय, म्हणूनच पसरतंय. कारभाराची बरीच कलमं त्या कायद्यातून आलीत आणि हे काही लपवलेलं नाही, खुद्द डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मान्य केलं, वर म्हणाले की घटनेच्या मूळ कल्पनांचं पेटंट कुणाकडे नसतं. पण काकांना विचारा, १९३५ च्या कायद्यात मूलभूत हक्क कुठे होते? अस्पृश्यता बंद करणारं कलम १७ कुठे होतं? सगळ्या प्रौढांना मतदान? तेव्हा तर मत द्यायला शिक्षण नाहीतर मालमत्ता असलं काहीतरी लागायचं!

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते ती 'बंधुता'. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ ला मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य, समानता सगळं होतं पण हा शब्द नव्हता, तो मसुदा समितीने उद्देशिकेत घातला. बाकी सभेत दुरुस्त्याच आल्या ७,६३५, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कॉपी करायची असती तर एवढी डोकेफोड कशाला केली असती?