वडिलांच्या येझदी मोटरसायकलची टाकी आतून गंजली आहे. मेकॅनिक म्हणतो, भंगारात दे, नवी आण. नवी टाकावी की जुनीच दुरुस्त करावी? आतून कोटिंग करावं का?

नवी टाकू नका. तुमचा मेकॅनिक जे म्हणतोय तेच आमचे दाजी सगळ्या घरासमोर म्हणाले होते: "भंगारात दे, नवी आण." आमच्या वडिलांची येझदी रोडकिंग पडवीत उभी राहून टाकीच्या खालच्या जोडातून पेट्रोल पाझरायला लागलं होतं. दाजींनी आधी बाहेरून एम-सील थापलं. आत गंज चालूच असतो, पेट्रोल वाट काढतंच. मग म्हणाले, संडासाचं ॲसिड ओत. मी ओतू दिलं नाही. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं आणि धुतल्यावर टाकी वाळेपर्यंत आत पुन्हा तांबूस थर धरतो.

मी टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद केलं. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व, आत मूठभर नट, आणि हलवत राहिलो. रात्रभर ठेवलं, पाणी काळं झालं की बदललं. पत्रा उघडा दिसल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळून टाकी गच्चीवर ठेवली. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन या कामाला सोन्यासारखं आहे. वाळल्या वाळल्या पुन्हा गंज धरू नये म्हणून आत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) फिरवलं. जोड अशोक चौकाजवळच्या कारागिराने पितळाने ब्रेझिंग करून, म्हणजे आगीवर पितळ वितळवून, भरला. त्या टाकीवर वडिलांच्या गुडघ्यांनी क्रोम झिजलेलं आहे, ते मी बदलणार नव्हतोच. मी पाहिलेल्या नकली टाक्यांचा पत्राही पातळ होता.

दाजी आता सगळा दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला देतात. अर्धं खरं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल ओल ओढतं, ओल वाढली की ते पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि भोकं तळालाच पडतात. पण अर्ध्या टाकीनिशी गाडी वर्षानुवर्षं उभी कोणी ठेवली? चालवायला मागून नेलेली गाडी पावसाळाभर अंगणात कोणी सोडली होती, हे दाजींना चांगलं माहीत आहे.

कोटिंग मी केलेलं नाही. गंजावर केलं तर सोलपटं सुटून कॉक तुंबतो, एवढं नक्की. करायचंच तर ब्रेझिंगनंतर, आधी केलं तर आगीने जळेल. तळाची चाळण झाली असेल तर तेवढा पत्रा कापून नवा बसवून घ्या, वरचा भाग राहू द्या. आणि पेट्रोल कधीचंही काढलेलं असो, रिकामी टाकी आगीजवळ नेऊ नका. वाफ उरते, टाकी फुटते. आमच्या कारागिराने आधी टाकी धुऊन पाण्याने भरली, जोडापुरतीच जागा मोकळी ठेवली आणि झाकण उघडं ठेवलं. तुमचा असं करत नसेल तर दुसरा शोधा.