‘परत पोतं उचलता येईल ना?’

मार्केट यार्डात हमाली करणारा छत्तिशीचा गडी. दोन मुलं, दोन्ही सिझेरियननं झालेली. बायकोच्या पोटावर आणखी एकदा सुरी नको, म्हणून नसबंदीला तोच तयार झाला होता. ती झेरॉक्स काढायला बाहेर गेली, तेव्हा दाराकडे बघत त्यानं हळूच विचारलं, “मॅडम, परत पोतं उचलता येईल ना?”

हा प्रश्न मी सतत ऐकते. शब्द वेगळे असतात, धास्ती एकच असते. बायकोजवळ जाताना आपण कमी तर पडणार नाही? ते तोंडावर येत नाही, म्हणून मीच बोलते.

केसपेपरच्या पाठीमागे मी अंडकोष आणि त्यांतून वर जाणाऱ्या दोन बारीक नळ्या काढल्या. “फक्त या नळ्या कापून बंद करतात. अंडकोष आहेत तसेच राहतात. पुरुषाचं हार्मोन नळीतून जात नाही, ते रक्तात मिसळतं. त्यामुळे इच्छा, ताठरता, अंगातलं बळ यांत फरक पडत नाही. वीर्यही येतं, त्यात फक्त शुक्राणू नसतात.” तो कागद त्यानं स्वतःकडे ओढला आणि नळीवरून बोट फिरवत राहिला.

बिनटाक्याचं ऑपरेशन तेवढी जागा बधिर करून होतं, वीसेक मिनिटांत. दोन दिवस आराम, घट्ट आतली चड्डी आणि आठवडाभर जड ओझं नाही. थोडी सूज, दुखणं येतं. ताप आला किंवा सूज वाढत गेली तर लगेच दाखवायचं. मोजक्या पुरुषांना दुखणं बरेच दिवस राहतं, हेही मी लपवत नाही. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच असं नाही. मनात किंतु असेल तर थांबलेलं बरं.

पण ज्या गोष्टीसाठी मी जीव तोडून बोलते, ती कुणी विचारतच नाही. ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून निर्धास्त, असं नसतं. नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासायचं. काही वर्षांपूर्वी एका जोडप्याला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच महिन्यात तिला दिवस गेले आणि नवऱ्यानं तिच्यावर संशय घेतला. माझ्यासमोर बसून ती माउली रडली, तेव्हापासून मी ‘तीन महिने’ हे शब्द नवरा-बायको दोघांकडूनही म्हणवून घेते.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची झालेली अवघी ०.३ टक्के! बाईचं ऑपरेशन पोटातलं, त्यामानानं पुरुषाचं कितीतरी सोपं. आणीबाणीतल्या सक्तीची भीती जुन्या माणसांच्या मनात अजून आहे, ती मी समजू शकते. जबरदस्ती आजही नकोच. पण समजून-उमजून पुढे येणाऱ्याला घरच्यांनी तरी मागे खेचू नये.

हंगाम संपल्यावर त्यानं ऑपरेशन करून घेतलं. तीन महिन्यांनी दोघं रिपोर्ट घेऊन आले. त्यावरचा ‘निल’ हा शब्द वाचून त्याचा चेहरा उतरला होता. “शुक्राणू शून्य. हेच हवं होतं आपल्याला,” मी म्हटलं. बायकोनं कागद हातात घेतला, नीट घडी घातली आणि धाकट्याच्या लसीकरणाच्या कार्डात ठेवला.