बी.ऑप्टोम.नंतर अमेरिकेत ओडी करावं की व्हिजन सायन्समध्ये पीएचडी? अर्जाची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातून बी.ऑप्टोम. (डोळे तपासून नंबर काढण्याच्या शास्त्राची, म्हणजे ऑप्टोमेट्रीची पदवी) झालंय, दोन वर्षं क्लिनिकमध्ये नोकरी चालू आहे, सीजीपीए ७.४ आहे, डोक्यात कॅलिफोर्नियाचं बर्कली विद्यापीठ आहे आणि ‘पेशंट गेला तरी हे असं का झालं हा प्रश्न जात नाही’. मी बी.ऑप्टोम. करूनच अमेरिकेत व्हिजन सायन्समध्ये, म्हणजे आपल्याला दिसतं कसं याच्या अभ्यासात, पीएचडी करते आहे, तेव्हा त्या बाजूचं जास्त सांगेन.

ओडीचं आधी उरकून घेऊ. ओडी (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री) ही पेशंट तपासण्याची व्यावसायिक पदवी. चार वर्षं, प्रवेशाला ओएटी परीक्षा, ऑप्टोमकॅस या पोर्टलवरून अर्ज, पुढे एनबीईओ या राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा आणि मग राज्याचं लायसन्स. आपली चार वर्षांची पदवी तिथे लायसन्ससाठी चालत नाही. तुम्ही नंबर काढायला हजारो रेटिनोस्कोपी केल्या असल्या तरी तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातून पुन्हा जावंच लागतं. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्रीसारख्या ठिकाणी परदेशी पदवीधरांसाठी कमी मुदतीचा मार्ग आहे, पण फी तिथेही सणसणीत. ओडी म्हणजे बहुतेकांसाठी कर्ज. पीएचडीत उलटं असतं: फी विभाग भरतो आणि वर महिन्याला स्टायपेंड मिळतो, त्यात काटकसरीने भागतं. मात्र पीएचडी झाली म्हणून तिथे कुणाला चष्म्याचा नंबर काढून देता येत नाही. हे घरी आधीच सांगून ठेवा, माझ्या मावशीला अजून पटलेलं नाही.

तुमचं ते ‘असं का झालं’ वाचून मला तरी उत्तर पीएचडी वाटतं. अमेरिकेत प्रॅक्टिसच करायची असेल तर मात्र पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

आता बर्कली. तिथल्या स्कूलचं नाव २०२१ पासून हर्बर्ट वर्थाइम स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री अँड व्हिजन सायन्स असं आहे. ओडी आणि पीएचडी एकाच छपराखाली असले तरी अर्ज वेगळे, निवड समिती वेगळी. आपल्याकडून जाणाऱ्यांचा गैरसमज असा की व्हिजन सायन्स म्हणजे पुढची ऑप्टोमेट्री. तसं नाही. वर्गात भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स अशा सगळीकडून आलेली मुलं असतात. २०२५ मध्ये बर्कलीच्या गटाने ‘ओलो’ नावाचा रंग दाखवल्याची बातमी तुम्ही वाचली असेल: लेझरने डोळ्यातल्या फक्त एम कोन्स (रंग ओळखणाऱ्या पेशींचा एक प्रकार) उद्दीपित करायच्या, जे नैसर्गिक प्रकाशाने होऊ शकत नाही, आणि मग पाच जणांना दिसलेला तो कधी न पाहिलेला निळा-हिरवा. त्यातले ऑस्टिन रूर्डा वॉटर्लूला व्हिजन सायन्स आणि भौतिकशास्त्र शिकलेले, तर रेन इंग इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सचे. उलट अँब्लिओपियावर (‘लेझी आय’वर) आयुष्य घालवलेले डेनिस लेव्ही दक्षिण आफ्रिकेत ऑप्टोमेट्री शिकून आलेले. म्हणजे ऑप्टोमेट्रिस्टला दार बंद नाही, पण नुसत्या पदवीने उघडतही नाही. तुमच्याजवळ एकच गोष्ट अशी आहे जी त्या कॉम्प्युटरवाल्या मुलाजवळ नाही: तुम्ही खरे डोळे पाहिलेत, खऱ्या माणसांच्या तक्रारी ऐकल्यात. अख्खा अर्ज त्यावर उभा करायचा.

हे एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) कसं दिसावं, ते माझ्याच उदाहरणावरून सांगते. लो व्हिजन ओपीडीत एआरएमडीचे, म्हणजे वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलर डीजनरेशनचे, एक आजोबा यायचे. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलेली, कडेच्या नजरेने वाचायचे. चार्टवरचं सुटं अक्षर बरोबर सांगायचे, पण मॅग्निफायर लावून वर्तमानपत्र धरलं की त्याच आकाराच्या मजकुरात अडकायचे, त्यातही ‘राष्ट्रीय’, ‘उत्कृष्ट’ अशा जोडाक्षरांवर हमखास. कडेच्या नजरेत शेजारची अक्षरं एकमेकांना गिळतात, याला क्राउडिंग म्हणतात. हर्मन बौमा यांनी १९७० मध्ये त्याचा अंदाजी नियम दिला: नजरेच्या केंद्रापासून अक्षर जितकं दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतराच्या आत दुसरं अक्षर आलं की गडबड होते. पण हा नियम सुट्या रोमन अक्षरांवर बेतलेला. आपली अक्षरं शिरोरेषेने जोडलेली, वर वेलांटी, खाली उकार. मग इथे ‘शेजार’ मोजायचा कुठून? शिरोरेषा काढून टाकली तर त्या आजोबांना सोपं जाईल की आणखी अवघड?

एसओपीचा पहिला परिच्छेद मी एवढाच लिहिला. पुढे हे तपासायला प्रयोग कसा रचेन, त्यातलं मला काय येतं आणि काय शिकायचंय, हे लिहिलं. बर्कलीच्या सुझाना चंग क्राउडिंग आणि मॅक्युलर डीजनरेशनमधलं वाचन यावरच काम करतात, त्यामुळे ‘तुमचंच विद्यापीठ का’ या प्रश्नाचं उत्तर आपोआप तयार झालं. ‘लहानपणापासून मला डोळ्यांचं कुतूहल होतं’ या वाक्याने सुरू होणारे एसओपी मी मैत्रिणींचे पुष्कळ तपासलेत. ते वाक्य खोडून टाका, खाली बहुतेक वेळा खरा मुद्दा सापडतो. तुमचा प्रश्न मायोपियाचा (लांबचं धूसर दिसण्याचा) असेल, ड्राय आयचा असेल, तो तुम्हीच शोधायचा. माझा उचलू नका, त्यावर मी अजून काम करते आहे!

बर्कलीत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांमध्ये थोडे थोडे महिने काम करून मग गाइड ठरतो. बऱ्याच ठिकाणी मात्र तुम्ही थेट एका प्राध्यापकाकडेच जाता आणि त्यांच्याकडे पैसे नसतील तर कितीही चांगला अर्ज वाया जातो. २०२५ पासून अमेरिकेत संशोधनाच्या निधीची ओढाताण चालू आहे, अनेक विभागांनी जागा कमी केल्या. म्हणून ईमेल आधी. सात-आठ ओळी पुरे: तुम्ही कोण, त्यांचा कुठला पेपर वाचून कोणता प्रश्न पडला, आणि येत्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात आणि सोबत पाच अटॅचमेंट, असं नको. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

बर्कली एके बर्कली मात्र करू नका. ह्यूस्टन, इंडियाना, ओहायो स्टेट, न्यूयॉर्कचं सनी, कॅनडात वॉटर्लू, ऑस्ट्रेलियात यूएनएसडब्ल्यू, सगळीकडे पीएचडी आहे. मायोपियात रस असेल तर माझ्या मते हाँगकाँग पॉलिटेक्निककडे आधी बघा. मुलांचा नंबर वाढू नये म्हणून आता वापरतात त्या डिम्स नावाच्या चष्म्याच्या लेन्स त्यांनी होया या कंपनीबरोबर विकसित केल्या. २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत दोन वर्षांत नंबर वाढण्याचा वेग साध्या चष्म्याच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी कमी दिसला. तिथे हाँगकाँग पीएचडी फेलोशिप मिळाली तर पैशाची चिंता मिटते.

शिफारसपत्रं तीन लागतात आणि आपली माणसं इथेच गळपटतात. मोठ्या डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं ‘ही मुलगी हुशार, मेहनती आणि मनमिळाऊ आहे’ हे पत्र निवड समितीच्या काहीच कामाचं नाही. इंटर्नशिपमधल्या प्रोजेक्टचा डेटा तुमच्याबरोबर बसून पाहिलेली लेक्चरर मॅडम कितीतरी बरी. सरांनी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. त्याऐवजी त्यांना एका पानावर तुम्ही काय काय केलंत ते मुद्दे द्या आणि पत्र त्यांनाच लिहू द्या.

७.४ चं फार मनावर घेऊ नका. ते चारच्या स्केलवर स्वतः बदलून लिहू नका, गुणपत्रिकेवर आहे तसंच भरा. इंटर्नशिपच्या वर्षाचे गुण बहुतेक ट्रान्सक्रिप्टवर नसतात आणि मग पदवी तीन वर्षांची वाटते. ती चार वर्षांची आहे असं कॉलेजकडून लेखी घ्या, आणि आजच मागा, कारण त्या टेबलावरून कागद हलायला किती वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे.

७.४ पेक्षा मला जास्त काळजी वाटते ती संशोधनाच्या अनुभवाची. क्लिनिकमधल्या दोन वर्षांत काही लिहिलं नसेल तर यंदा अर्ज न करता एखादं वर्ष हैदराबादच्या एलव्ही प्रसाद किंवा चेन्नईच्या शंकर नेत्रालयात संशोधनाची नोकरी मिळते का बघा. पगार कमी, पण एखादं पोस्टर निघतं आणि खरं शिफारसपत्र मिळतं. तिथे असताना पायथॉन किंवा मॅटलॅब शिका. सायकटूलबॉक्स या दृष्टीच्या प्रयोगांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर एक ग्रेटिंग (पट्ट्यापट्ट्यांचं चित्र) आणून त्याचा कॉन्ट्रास्ट स्टेअरकेसने, म्हणजे उत्तर बरोबर की चूक यानुसार पायरीपायरीने, कमी-जास्त करता आला, तरी अर्जात लिहिण्याजोगं काहीतरी झालं.

बहुतेक मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात, म्हणून ईमेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवेत आणि पत्रं लिहिणाऱ्यांना दिवाळीआधी सांगून ठेवायला हवं. जीआरई अनेक ठिकाणी आता मागत नाहीत, त्या त्या विभागाच्या पानावर बघून मगच पैसे भरा. आयईएलटीएस किंवा टोफेल लागेलच. अर्जाचं शुल्क बऱ्याच ठिकाणी १०० डॉलरच्या वर असतं आणि माफी बहुधा अमेरिकन विद्यार्थ्यांनाच मिळते, म्हणून मी पाच-सहापेक्षा जास्त ठिकाणी अर्ज करायला सांगणार नाही. ज्या प्राध्यापकांनी ‘यंदा घेतोय’ असं कळवलंय ती ठिकाणं आधी, आणि बर्कलीचा अर्ज त्यांच्या जोडीला.