बारावा फोन उचलला की...

“मी बोलायला गेले की हे गप्प. जास्तच लावून धरलं तर गाडीची किल्ली घेऊन बाहेर. माझंच चुकतंय का?” जोडप्यांच्या समुपदेशनात हा प्रश्न नेहमी येतो. इथलं जोडपं कोल्हापुरातल्या फुलेवाडीचं (ओळख पटेल असे तपशील बदललेत). नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, बायको घरी शिवणकाम करते.

कोण चूक, हा वाद बाजूला ठेवून शेवटचं भांडण कागदावर क्रमानं लिहून घेतलं. कुणी काय केलं आणि लगेच त्याला काय मिळालं, एवढंच. शिफ्ट सुटल्यावर बायकोचे अकरा फोन. ‘उचलला की सुरू होणार’ म्हणून यानं घेतले नाहीत, बारावा घेतला. तिला उत्तर मिळालं, म्हणजे बारा वेळा लावल्याशिवाय चालत नाही हे ती शिकली. घरी “आजपण उशीर?” वर “हं.” तिचा आवाज चढला, हा रंकाळा तलावावर गेला. तिथं छाती हलकी झाली, म्हणजे निघून जाणं उपयोगी हे तो शिकला. दोघांनाही क्षणभर सुटका मिळते, म्हणून चक्र टिकतं. त्यात अधूनमधूनच फळ मिळणारी सवय सगळ्यांत चिवट; वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं होतं.

बाहेर जाण्यात तसं वावगं काही नाही. भांडणात नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही, आणि शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात, असं जोडप्यांच्या नात्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात. बिघडतं ते ‘कधी येतो’ हे न सांगता गेल्यानं.

ठरलं ते असं. तिनं एकच फोन आणि एक मेसेज करायचा, त्यात काम काय ते लिहायचं. त्यानं शिफ्ट सुटताच गेटवरूनच उलट फोन करायचा, दोन मिनिटं का होईना. वाद तापला तर “अर्ध्या तासात येतो, मग बोलू” म्हणून जायचं, आणि जो गेला त्यानंच विषय पुन्हा काढायचा. फिरताना मनात उत्तरं जुळवत बसलं तर नाडी उतरतच नाही. परतल्यावर एकच विषय, १५ मिनिटं. सुरुवात “तुम्ही नेहमी” नं नको. “हप्त्याचं काय ठरलं कळलं नाही, म्हणून धास्ती वाटली” अशी हवी.

पहिल्या आठवड्यात फोन वाढले. जुनं फळ बंद झालं की असं बऱ्याचदा होतं. पण वैतागून त्यानं पंधरावा उचलला, आणि आकडा बारावरून पंधरावर गेला. उलट फोन ठरल्या वेळी येऊ लागला तसे फोन कमी झाले. अर्ध्या तासाचा दुसरा दिवस केला, तर तिच्या लेखी तो जुनाच अबोला. सासूबाईंना मध्यस्थ केलं तर आणखी एक चक्र सुरू, हे वेगळं सांगायला नको.

घरात मारहाण, धमक्या किंवा पाळत असेल तर मात्र हा उपाय करायचा नाही. तिथं आधी बाईची सुरक्षितता. महिला हेल्पलाइन १८१.