दाढेत भरलेल्या लाईटच्या सिमेंटमधली केमिकल्स पेशी मारतात का? भरलेलं काढून टाकू का?

दाढेतलं सिमेंट काढू नका, हे आधी सांगते. मी सोळा वर्षं डेंटिस्ट आहे आणि त्यातली केमिकल्स पेशी मारतात असं तुम्ही जे वाचलंय ते खोटं नाहीये, पण अर्धं आहे. काढताना ड्रिल लावलं की चांगला दातही थोडा जातो आणि त्या सिमेंटचीच धूळ तोंडात उडते.

सिरिंजमधून येतं तेव्हा हे मटेरियल मळलेल्या कणकेसारखं मऊ असतं, काचेची बारीक पूड आणि रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं घट्ट होणारं चिकट द्रव्य. रेझिनमधले सुटे रेणू म्हणजे मोनोमर, बिस-जीएमए, यूडीएमए, टेगडीएमए अशी त्यांची नावं. निळा लाईट मारला की ते एकमेकांना जोडले जाऊन कडक जाळं होतं, पण जोड १०० टक्के कधीच जुळत नाहीत, साधारण ५० ते ७५ टक्केच जुळतात. उरलेल्यातले बरेच जाळ्यालाच एका टोकाने लटकून राहतात आणि थोडे मोकळे राहतात ते लाळेत झिरपतात, त्यातले बरेचसे पहिल्या दिवसातच.

हे मोकळे मोनोमर पेशीत शिरले की तिथलं ग्लुटाथायोन संपवतात, म्हणजे पेशीचं स्वतःला वाचवायचं हत्यारच जातं, मग ऑक्सिडेशनचा ताण वाढतो, डीएनएला इजा होते आणि डोस जास्त असेल तर पेशी मरते. लॅबमध्ये हिरडीच्या आणि दाताच्या नसेच्या पेशींवर हे स्पष्ट दिसलंय. पण लॅबच्या डिशमध्ये पेशी थेट त्या केमिकलमध्ये बुडालेल्या असतात, तोंडात लाळ ते पातळ करत राहते आणि नसेच्या आधी दाताचा स्वतःचा थर असतो.

कीड खोल गेली असेल तर मात्र मी पण घाबरते. थर पातळ उरला की टेगडीएमए आणि बाँडिंगमधलं (सिमेंट दाताला चिकटवायचं द्रावण) हेमा, हे दोन्ही लहान रेणू, दाताच्या बारीक नळ्यांतून नसेपर्यंत जाऊ शकतात. म्हणून तिथे आधी नसेला झाकणारं अस्तर, कॅल्शियम हायड्रॉक्साईड किंवा एमटीए, लावायचं आणि मगच सिमेंट.

आणि घाई, ती मला सगळ्यात जास्त खटकते. नेहमीच्या मटेरियलचा एका वेळी साधारण २ मिलीमीटरचाच थर भरून लाईट मारायचा असतो, जाड गोळा कोंबला की वरून कडक आणि आतून कच्चं राहतं. नीट मारला तरी वर एक चिकट पापुद्रा राहतोच, हवेतला ऑक्सिजन तिथे जोड होऊ देत नाही, कापसाने पुसलं तर कापूस ओढल्यासारखा चिकटतो. तो घासून पॉलिश करून काढायचा, पेशंटला दोनतीनदा चूळ भरायला लावायची, पाच मिनिटांचं काम आहे हो.

खरं तर जास्त धोका आम्हालाच. माझ्या असिस्टंट ताईंची बोटांची टोकं फुटून भेगा पडायच्या, आम्ही साबण बदलत बसलो आणि निघाली हेमाची ॲलर्जी, ते साध्या लॅटेक्स ग्लोव्ह्जमधून काही मिनिटांत आरपार जातं. आता त्या बाँडिंगच्या बाटलीला हात लावत नाहीत.

तुम्हाला थोडे दिवस थंड लागलं तर चालेल. पण रात्री ठणका लागत असेल, किंवा सिमेंटला टेकतो तिथे गालावर पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर ज्यांनी भरलं त्यांच्याकडे लगेच जा आणि कीड किती खोल होती, खाली काय लावलंय ते विचारा, लाजू नका.